एक्स्टेन्शनच्या वेण्या: टाळूला खाज, मुळाशी पुळ्या आणि तुटके केस

तीनपेडी

कृत्रिम केस गुंफून घातलेल्या बारीक वेण्यांबद्दल विचारायचं आहे, बॉक्स ब्रेड (चौकोनी भांगांतल्या सुट्या वेण्या) आणि कॉर्नरो (टाळूला चिकटून ओळीने घातलेल्या) दोन्ही. या कामात खाजेची तक्रार ठरलेलीच, पण ती सगळ्यांची सारखी नसते. कुणाच्या मानेला त्याच रात्री आग सुटते. कुणाला तिसऱ्या दिवशी कानामागे पुरळ येतं. कुणाला दोन आठवडे काहीच होत नाही आणि मग भांगाभांगात पांढरे पापुद्रे आणि झोप उडवणारी खाज. उपाय मात्र सगळ्यांना एकच सांगितला जातो: तेल लाव. त्याने काहींना बरं वाटतं, काहींचं आणखी बिघडतं.

तर प्रश्न असे. वेण्या न सोडता खाजेचं कारण ओळखता येतं का? कृत्रिम केस आधी व्हिनेगरमध्ये भिजवावेत म्हणतात, त्यात तथ्य किती, आणि प्रमाण काय? वेण्या असताना डोकं धुवायची नीट पद्धत कोणती? आणि शेवटी, वेण्या सोडल्यावर जो केसांचा बुचका हातात येतो त्यातला किती स्वाभाविक आणि किती नुकसान?

'कोरफड लावा' छापाची उत्तरं कृपया नकोत, ती पोतंभर मिळालेली आहेत.

त्वग्वैद्य

कारण बऱ्याचदा ओळखता येतं. पहिला प्रश्न विचारायचा तो खाज कधी सुरू झाली हा. कुठे सुरू झाली हा दुसरा. काय लावायचं हे त्यानंतर.

पहिल्या काही तासांतली खाज किंवा जळजळ ही सहसा ॲलर्जी नसते. एक तर कृत्रिम केसांवरच्या लेपाने त्वचा चुरचुरते, नाहीतर वेण्या घट्ट झाल्यात. लेपाची खाज मोकळे कृत्रिम केस जिथे घासतात तिथे, म्हणजे मान, कानामागची जागा, खांदे आणि पाठीचा वरचा भाग. ताणाची खाज मुळाशी असते आणि दुखरी असते. वेणी धरून दुसऱ्या बाजूला वळवली की ठणका लागतो. मान लाल पण भांग स्वच्छ असेल तर केसांवर संशय घ्या. मान ठीक, पण कपाळाच्या कडेला आणि कानशिलांवर मुळाशी बारीक उंचवटे असतील तर वेणी घालणाऱ्या हातावर.

याला एक अपवाद आहे. तासाभरात अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला तर पुढचं वाचत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

एक ते तीन दिवसांनी सुरू होऊन वाढतच जाणारी खाज, बारीक पुरळ, पाणी सुटणं ही उशिरा उमटणारी संपर्काची ॲलर्जी. हिच्यात दोष कृत्रिम केसांचाच असेल असं नाही. कडेचे केस बसवायला लावलेलं जेल बघा, त्यातले मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखे परिरक्षक आणि सुगंध हे नेहमीचे गुन्हेगार आहेत. जोडलेले केस मानवी आणि रंगवलेले असतील तर रंगातलं पीपीडी (पॅराफेनिलिनडायअमीन), टोकाला बांधलेल्या रबरातली रसायनं, कुठे गोंद वापरला असेल तर तो. टाळूची कातडी जाड असते, त्यामुळे डोक्याला लावलेल्या गोष्टीची ॲलर्जी पुष्कळदा पापण्यांवर, कानांवर आणि मानेवर आधी दिसते. 'डोक्याला काही नाही, डोळेच सुजलेत' असं कुणी म्हणालं तरी डोक्यात काय लावलं ते विचाराच.

आठ-पंधरा दिवसांनी आलेली खाज बहुतेक वेळा कोंड्याची असते. मॅलासेझिया नावाचं यीस्ट प्रत्येकाच्या टाळूवर असतं. ते त्वचेच्या तेलातली मेदाम्लं खातं आणि जे मागे टाकतं त्याने संवेदनशील त्वचेला खाज सुटते, पापुद्रे निघतात. वेण्यांमध्ये धुणं कमी होतं, घाम अडकतो, आणि वरून तेल ओतलं की त्याची मेजवानीच. तेलाचा दोन प्रकारचा अनुभव येतो तो यामुळे. कोरडी, ताणलेली टाळू तेलाने शांत होते, कोंड्याची टाळू दोन दिवस शांत होऊन मग दुपटीने खाजते. पापुद्रे बोटांत धरून बघा. कोरडे, भुकटीसारखे आणि पांढरे असतील तर रुक्षपणा किंवा वाळलेलं जेल असू शकतं. तेलकट, पिवळसर, भांगाला चिकटून बसलेले असतील तर कोंडा धरा.

राहिल्या पुळ्या. पिवळ्या तोंडाच्या, प्रत्येकीच्या मध्यातून केस आलेला, म्हणजे केसतूड. ताण, घाम आणि जाड मलमं एकत्र आली की होतातच.

उपचार कारणाप्रमाणे बदलतो. लेपाची जळजळ असेल तर डोकं आणि वेण्या नीट धुतल्यावर ती एक-दोन दिवसांत उतरायला हवी. कोंड्याला २ टक्के केटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, भांगांवर ३ ते ५ मिनिटं ठेवून, २ ते ४ आठवडे. १ टक्का झिंक पायरिथिऑनचाही चालतो. हे शांपू केस रुक्ष करतात, म्हणून ते फक्त टाळूला, वेणीच्या लांबीला नाही. ॲलर्जीला मात्र वेण्या काढण्यावाचून गत्यंतर नाही. ॲलर्जीचं मूळ डोक्यावर तसंच ठेवून वरून औषध लावण्यात काही अर्थ नाही. काढल्यावर मोठ्या माणसांना १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं लोशन दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त सात दिवस. मलम घेऊ नका, ते केसांत नुसतं माखून बसतं. पू असलेल्या जागी तर स्टेरॉइड लावायचंच नाही.

पू वाढतोय, मानेत गाठी आल्या, ताप आला, केस पुंजक्याने सुटताहेत, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा.

धागेदोरे

व्हिनेगरबद्दल लिहिते. उपयोग आहे, पण सांगितला जातो तेवढा नाही.

वेण्यांसाठीचा कृत्रिम केस बहुतांशी मोडॅक्रिलिक धाग्याचा असतो, म्हणजे ॲक्रिलोनायट्राइल आणि व्हिनाइल क्लोराइडसारख्या घटकांपासून केलेला. कानेकालोन हे नाव ऐकलं असेल, ते यातलंच. काही पाकिटांत पीव्हीसी किंवा पॉलिएस्टरही असतं. धागा गुळगुळीत राहावा, विजेने उभा राहू नये म्हणून त्यावर लेप देतात. नव्या पाकिटातून हात फिरवल्यावर बोटांना जो बुळबुळीत, किंचित मेणचट स्पर्श लागतो आणि नाकाला प्लास्टिकचा वास येतो, तो काही अंशी त्याचाच. पाकिटावर घटकांची यादी सहसा नसते, ही या धंद्यातली खरी गैरसोय.

भिजवल्यावर पाण्यावर पांढरट साय येते ती या लेपाची. साय आली म्हणजे विष निघालं असं नाही, आणि आली नाही म्हणजे केस निर्धोक असंही नाही. आम्ल क्षारयुक्त अवशेष सैल करतं. तेलकट लेप काढायला साधा शांपूच जास्त कामाचा. म्हणून दोन्ही करा:

पाकिटातली जुडी मधोमध बांधलेला दोरा किंवा रबर न काढता सैल दुमडा. टबात ४ लिटर कोमट पाणी आणि १ लिटर साधं व्हिनेगर घ्या, ५ टक्क्यांच्या आसपासचं. एवढ्यात दोन-तीन जुड्या बसतात. २० ते ३० मिनिटं ठेवायचं, अधूनमधून वरखाली हलवायचं, चोळायचं नाही. पाणी ओतून द्या. दुसऱ्या पाण्यात चमचाभर शांपू घालून तसंच हलवा. मग बोटांना बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत साध्या पाण्यातून काढत राहा. निथळून, बांधलेल्या टोकाने उलटं टांगा. आतपर्यंत वाळायला बारा तास तरी द्या, दमट हवेत पूर्ण दिवस. ओलसर केस गुंफले तर वेणीच्या पोटात ओल राहते आणि कुबट वास धरतो. गरम ड्रायर वापरू नका, धागा आक्रसतो.

एक तोटा आधीच सांगून ठेवते. धुतलेला केस हाताला खरखरीत लागतो, निसटत नाही आणि गुंफताना जास्त गुंततो. आधीच ताणून टोकं पातळ केलेल्या जुड्यांचं जास्त बिघडतं. त्यावर केस बसवायचा थोडा फोम चालतो. सुगंधी जेलचा थर दिलात तर धुतल्याचा फायदा गेला.

आणि व्हिनेगर हे केसांसाठी, टाळूसाठी नाही. खाजवून सोललेल्या डोक्यावर ते ओतलं की जळतं, न मिसळता ओतलं तर खरोखर भाजतं.

धुण्याने धाग्याच्या आत असलेलं काही निघत नाही हेही लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२५ मध्ये वेण्यांचे १० कृत्रिम केस तपासले. कर्करोगकारक रसायनं दहाही नमुन्यांत सापडली आणि शिसं नऊमध्ये. यावरून कुणाला आजार होईलच असं म्हणता येत नाही, पण ज्यांना दर वेळी त्रास होतो त्यांनी धागाच बदलून बघावा हे शहाणपणाचं. वनस्पतिजन्य धाग्याचे केस मिळतात, मानवी केस मिळतात. मानवी केसांवर रंग आणि इतर प्रक्रिया झालेल्या असतात, त्यामुळे 'मानवी म्हणजे ॲलर्जी नाही' हे गृहीत धरू नका.

चाचणी करायची असेल तर बोटभर बट कोपराच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टीने ४८ तास बांधून ठेवा. एका हाताला न धुतलेली, दुसऱ्या हाताला धुतलेली. काढल्यावर लगेच निकाल लावू नका, त्यानंतर दोन दिवस जागा बघत राहा, कारण ॲलर्जीची खूण उशिरा उमटते. न धुतलेल्या बटेखालीच लाली आली तर लेपावर संशय घ्या. दोन्हीकडे आली तर धागा किंवा त्याचा रंग. पट्टीच्याच आकाराची लाली आली तर ती पट्टीच्या गोंदाची, तिच्यावरून केसांबद्दल काही ठरवू नका.

निळी_फणी

ताण आणि धुणं माझ्याकडे.

'पहिले दोन दिवस दुखतंच' हे वाक्य या धंद्यातून हद्दपार व्हायला हवं. दुखतंय म्हणजे घट्ट झाली. झोपायला दुखण्याची गोळी लागली तर फारच घट्ट झाली. खुर्चीवरून उठायच्या आत तपासायचं: भुवया वर करायला सांगा. कपाळ मागे खेचल्यासारखं वाटलं, किंवा वेणीच्या मुळाशी कातडी तंबूसारखी वर उचललेली दिसली, तर ती वेणी तिथल्या तिथे सोडून पुन्हा घाला. गरम टॉवेल ठेवून किंवा पाणी फवारून तात्पुरतं बरं वाटतं, पण गाठ जिथे आहे तिथेच राहते.

पाया आणि वजन यांचं गणित बहुतेक जणी चुकवतात. भांगाने आखलेला चौकोन हा पाया. त्यातल्या बटेच्या मुळाशी जोडलेले केस त्या बटेपेक्षा जाड नकोत. चौकोन सेंटिमीटरभराचा, त्यावर करंगळीएवढी वेणी आणि तीही कमरेपर्यंत, म्हणजे केस मुळातून सैल होणारच. पाकिटं ८० ते १६५ ग्रॅमची येतात. मोठी चार पाकिटं घातली तर अर्ध्या किलोच्या वर वजन त्या मुळांवर लटकतं, भिजल्यावर आणखी जास्त. वजन घटवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लांबी कमी करणं, आणि तोच कुणाला नको असतो.

गाठीच्या पद्धतीत कृत्रिम केसांचा वेढा थेट मुळाशी बसतो. बिनगाठीच्या पद्धतीत पहिले तीन-चार वेढे स्वतःच्या केसांचे आणि मग बारीक बटा एकेक करून मिसळत जायचं. वेळ बराच जास्त लागतो, मुळावरचा भार कमी होतो. पण बिनगाठीची वेणीही ओढून घातली तर तितकीच वाईट. कपाळाच्या कडेची लव आणि सेंटिमीटरभर बारीक केस वेणीत घेऊच नका. पहिले दोन आठवडे उंच अंबाडा किंवा पोनी नको. रासायनिक स्ट्रेटनिंग केलेले केस आधीच कमकुवत असतात, ओढीने गळण्याचा धोका त्यांना जास्त. स्ट्रेटनिंगनंतर निदान दोन आठवडे वेण्या टाळा.

टोकं बंद करायला गरम पाण्यात बुडवता तेव्हा पाठीवर जाड टॉवेल घाला आणि वेण्या कोरड्या कापडात पिळूनच मागे सोडा. पाणी वेणीत वर चढतं आणि पाठीवर ओघळतं. याने भाजल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता धुणं, दर ७ ते १४ दिवसांनी. घाम जास्त येत असेल तर आठवड्याला. लांब चोचीच्या बाटलीत १ भाग शांपू आणि ४ भाग पाणी. वेण्या चार भागांत सैल बांधा. भांगाभांगातून चोच फिरवत शांपू सोडा आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नाही, टाळू जागच्या जागी हलवा. बोटं गोल गोल फिरवली की मुळाशी केस विस्कटून गुंता होतो. वेण्यांची लांबी चोळायची गरज नाही, खाली वाहणारा फेस दाबून काढला की पुरे. पाणी घालताना कंजूषपणा करू नका, चार-पाच मिनिटं धार चालू ठेवा. धुतल्यावर पुन्हा खाजतंय म्हणणाऱ्यांमध्ये पुष्कळदा मुळाशी वाळलेला शांपूच सापडतो. कंडिशनर फक्त टोकांकडे, मुळाशी लावला तर वेण्या घसरतात.

वाळवणं धुण्याइतकंच महत्त्वाचं. सुती कपड्यात एकेक मूठ दाबून पाणी काढा, मग ड्रायरचा गार झोत थेट मुळांवर. वेणी वरून कोरडी लागली तरी आत ओली असते, अंगठा आणि बोटात जोरात दाबून बघा. रात्री भिजल्या वेण्यांवर टोपी चढवून झोपलात तर सकाळी वास येईल.

खाज सुटली की शेपटीच्या कंगव्याचं टोक भांगात घालून खाजवणं ही सगळ्यात वाईट सवय. त्या एका ओरखड्यातून पुढचं सगळं सुरू होतं. त्यापेक्षा हातरुमालात बर्फ गुंडाळून मिनिटभर दाबा. पुदिन्याच्या अर्काचे, मेन्थॉलचे फवारे गार वाटतात एवढंच. टी ट्री तेलाची स्वतःचीच ॲलर्जी येऊ शकते, आणि उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीची जास्त.

स्निग्धा_क

तेलाला सरसकट बाद करू नका. वेण्यांच्या दोन भांगांमधली कातडी उघडी पडते, ऊन-वारा थेट लागतो आणि ती खरोखर कोरडी होते. तिथे आठवड्यातून एकदा बोटाच्या टोकावर दोन-तीन थेंब, कापसाने भांगावर टेकवून, इतकंच तेल लागतं. बिघडतं ते वाटीभर ओतल्याने. आणि उघड्या भांगाला ऊन लागून खाज सुटते हे कुणीच लिहिलं नाही. दुपारी बाहेर पडताना सैल रुमाल बांधा.

त्वग्वैद्य

थेंबांपुरतं मान्य, कोंडा नसेल तर. कोंडा असलेल्यांनी खोबरेल आणि ऑलिव्ह दोन्ही टाळावीत, दोन्हींतली मेदाम्लं या यीस्टला चालतात. खनिज तेल त्याला खाता येत नाही. उन्हाचा मुद्दा बरोबर आहे. फक्त रुमाल कपाळाच्या कडेला घट्ट आवळला तर तोही केस ओढतो.

तीनपेडी

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. पुढच्या दोन ओळींत पुळ्या आहेत, बाकी डोकं ठीक, तर सगळ्या वेण्या सोडाव्या लागतात का? आणि सोडताना काय करायचं?

निळी_फणी

सगळ्या नाही. पुळ्या असलेल्या ओळी आणि त्यांच्या शेजारची एक ओळ सोडा. त्या भागात दोन आठवडे काही घालायचं नाही, जेलही नाही. मागच्या वेण्या पुढे आणून ती जागा झाकायचा मोह होतो, पण मग मागच्यांचा ताण वाढतो. सोडल्यावर दोन-तीन दिवसांत दुखणं आणि लाली उतरली नाही तर वर डॉक्टरांनी लिहिलंय ते करा.

पूर्ण सोडायची वेळ साधारण ६ ते ८ आठवड्यांची. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, म्हणजे तोवर वेणी टाळूपासून दोन सेंटिमीटर खाली उतरलेली असते आणि तेवढ्या मोकळ्या केसांवर झोके घेते. तुटणं आणि जटा होणं इथेच सुरू होतं. 'अजून छान दिसतायत' म्हणून तीन महिने ताणणाऱ्यांचे केस सोडवताना रडू येतं.

वेण्या घालतानाच स्वतःच्या केसांची लांबी मोजून कुठेतरी लिहून ठेवा. सोडताना त्या लांबीत वाढ धरून, त्याच्याही खाली ५ सेंटिमीटर सोडून कृत्रिम भाग कापा. अंदाजाने कात्री चालवून स्वतःचेच केस कापून घेणाऱ्या कमी नाहीत. मग शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने खालून वर पेड उकलत या. मुळाजवळचा शेवटचा इंच हाताने.

तिथे एक करडं कडं दिसेल, जेल, कोंडा, धूळ आणि गळून अडकलेले केस यांचं. हे कडं पाणी लागायच्या आत फोडायचं. आधी धुतलंत तर ते नमद्यासारखं घट्ट बसतं आणि मग कात्रीशिवाय सुटत नाही. त्यावर घसरडा कंडिशनर किंवा थोडं तेल चोपडा, पाच मिनिटं थांबा, दोन बोटांच्या चिमटीत धरून आडवं फाकवा. कडं सुटलं की मोठ्या दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे, थोडं थोडं. एक वेणी पूर्ण मोकळी झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नका, आणि विंचरलेली बट सैल पीळ देऊन बाजूला अडकवत जा. संपूर्ण डोकं मोकळं झालं की मगच शांपू, दोन वेळा, त्यानंतर कंडिशनर १५-२० मिनिटं.

लगेच नवीन वेण्या घालू नका. दोन ते चार आठवडे मोकळे किंवा सैल बांधलेले असू द्या.

त्वग्वैद्य

बुचक्याचा हिशोब. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणजे २१०० ते ४२०० केस वेण्यांत अडकून बसलेले असतात. ते सगळे एका दिवसात हातात आले की घाबरायला होतं. त्यातले वीस-तीस केस पांढऱ्या कापडावर पसरा, गडद कापडावरही चालेल, आणि टोकं बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून आपल्या वेळेला गळलेला केस. दोन्ही टोकं नुसतीच, लांबी आखूड, तर तो तुटलेला. गाठीवाले जास्त असतील तर चिंता नको. आखूड तुकडे जास्त असतील तर ते कुठल्या भागातले आहेत ते शोधा, तुटण्याची जागा पुष्कळदा वेणीची जुनी गाठ जिथे होती तीच असते.

केसाच्या मुळाजवळ पांढरी, वर-खाली सरकणारी नळीसारखी खपली दिसली तर तिला लीख समजू नका. लीख केसाला घट्ट चिकटते, ही सरकते. ओढीच्या गळतीत ही खूण आधी दिसते आणि ती दिसताच वेण्या काढलेल्या बऱ्या.

कपाळाची कड विरळ होते, पण अगदी पुढे बारीक केसांची झालर तेवढी शिल्लक राहते, ही ओढीची ठरलेली खूण. ते केस वेणीत सापडत नाहीत म्हणून वाचतात. परत येतील का हे कातडीवरून ठरतं. रोमछिद्रं दिसत असतील आणि ओढ थांबवली तर तीन ते सहा महिन्यांत भरायला सुरुवात होते. कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि छिद्रं बुजलेली असतील तर तिथे व्रण झालेला आहे, तेल-औषधाने काही होणार नाही. मधल्या अवस्थेत त्वचारोगतज्ज्ञ ५ टक्के मिनॉक्सिडिल (केस उगवण्यासाठी टाळूला लावायचं औषध) किंवा सूज असल्यास स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. मिनॉक्सिडिलने सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढल्यासारखी वाटते, त्यात बंद करू नये. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते घेऊ नये.

डोक्याच्या वरच्या मध्यभागापासून गोल पसरत जाणारी विरळता, सोबत जळजळ किंवा दुखरेपणा, हे प्रकरण वेगळं असू शकतं. त्यात वेण्या काढून वाट बघू नका, लवकर दाखवा.

लहान मुलांच्या डोक्यात खवले, तुटून काळे ठिपके उरलेले केस, गोल चट्टे दिसले तर आधी नायटा वगळा. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या शांपूने तो जात नाही.

तीनपेडी

शेवटचं एक. काढलेले कृत्रिम केस धुऊन पुन्हा वापरतात, ते चालतं का?

धागेदोरे

टोकं विरलेली नसतील तर त्याच डोक्यावर एकदा चालतं. मुळाकडचा चार-पाच सेंटिमीटर भाग कापून टाका, चिकट जेल तिथेच असतं. मग शांपूच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. पुळ्या, नायटा किंवा पू असलेल्या डोक्यावरचे केस मात्र सरळ टाकून द्या. दुसऱ्याच्या डोक्यावर कधीच नाही, कितीही धुतले तरी. फणी आणि क्लिपांचं विसरलं जातं. त्याही साबणाच्या पाण्यात घासून मग जंतुनाशकात बुडवा, बाटलीवर जेवढा वेळ लिहिला असेल तेवढा.